सलीम अली आणि सुगरणीचा खोपा

आपल्या मराठी भाषेने काही पक्ष्यांना पुल्लिंगी नावे दिली, काहींना स्त्रीलिंगी. मोर, पोपट, कावळा हे पुल्लिंगी. घार, साळुंकी, चिमणी या स्त्रीलिंगी. या वाटणीस शास्त्राचा आधार नाही, आणि तो असावा असा कोणी आग्रहही धरलेला नाही. परंतु एका पक्ष्याच्या बाबतीत मात्र या नावाने पिढ्यान् पिढ्या आपली गोड दिशाभूल केली आहे. तो पक्षी म्हणजे सुगरण. घरकामात निपुण असलेल्या गृहिणीस आपण जे विशेषण लावतो तेच या पक्ष्यास लावले आणि बाभळीच्या फांदीवर लोंबकळणाऱ्या त्या अद्भुत घराचे सारे श्रेय मादीच्या पदरात टाकले. आपले गुजराती शेजारीही तिला सुघरी, म्हणजे सुंदर घराची धनीण, असेच म्हणतात. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची खोप्यावरील कविता आपल्यापैकी बहुतेकांस पाठ येते. त्या कवितेतही घर बांधणारी ती माउलीच आहे.

बहिणाबाईंच्या खानदेशातून वाहत येणारी तापी पुढे उकाई आणि मांडवी ओलांडून आपल्या कामरेजपाशी येते. तिच्या दोन्ही तीरांवर ऊस आहे, भात आहे, विहिरी आहेत, बाभळी आणि शिंदीची झाडे आहेत. म्हणजे सुगरणीस जे जे हवे ते सर्व आहे. आषाढ-श्रावणात येथील एखाद्या बाभळीखाली घटकाभर उभे राहिले तर चोचीत उसाच्या पात्याची लांब धांदोटी घेऊन येणारा, पिवळ्याधमक डोक्याचा, काळपट मुखवट्याचा पक्षी दृष्टीस पडतो. तो नर होय. खोपा तो विणतो. काही जाणकारांस एवढे पूर्वीही ठाऊक होते. परंतु तो का विणतो, अर्धाच का सोडतो, आणि त्या एका झाडावरच्या गजबजलेल्या वस्तीत कोणाचा संसार कोणाशी असतो, याची संगतवार हकीकत प्रथम ज्यांनी शोधून काढली त्या सलीम अली यांचे हे चरित्र आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांतील ते शेंडेफळ. त्यांना एक वर्ष होते न होते तोच पितृछत्र हरपले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या पोरक्या भाचरांना सांभाळले. तय्यबजी घराणे मूळचे खंबायतचे, म्हणजे एका अर्थी आपल्याच मुलखातले. घर सुशिक्षित, माणसांनी भरलेले आणि शिकारीची हौस असलेले होते. त्या काळच्या अनेक मुलांप्रमाणे सलीमलाही मोठेपणी नामांकित शिकारी व्हावेसे वाटे. हाती एक खेळण्यातील हवेची बंदूक आली आणि चिमण्यांवर संक्रांत आली.

या चिमण्यांच्या शिकारीत दोन प्रसंग असे घडले की ज्यांचे महत्त्व पुढे कळले. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंडी उबवीत बसे आणि नर दाराशी पहारा करी. सलीमने तो नर टिपला. थोड्याच वेळात त्याच जागी दुसरा नर हजर! आठवड्याभरात आठ नर पडले आणि प्रत्येक वेळी मादीस नवा जोडीदार मिळाला. हे कृत्य निर्दयपणाचे होते, यात शंका नाही. परंतु नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाने या गोष्टीचे टिपण करून ठेवले, आणि पक्ष्यांच्या संसाराविषयीचे कुतूहल त्याच्या मनात तेव्हापासूनच घर करून राहिले.

दुसरा प्रसंग सर्वश्रुत आहे. एके दिवशी टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी कोणती हे घरी कोणासच सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली आणि मुलाला तिकडे धाडले. गोऱ्या साहेबासमोर एकट्याने जाण्याचा तो काळ नव्हे. पाय लटपटतच मुलगा आत गेला असेल. मिलार्ड यांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे ओळखले, एवढेच नव्हे तर कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी त्यास दाखविले. पुढे याच संस्थेत या मुलाचे उभे आयुष्य गेले. वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षाच्या सुमारास, १९८५ साली, प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रास त्यांनी या चिमणीच्या पतनाचेच नाव दिले.

शाळेत मात्र या बुद्धिमान मुलाने काही चमक दाखविली नाही. डोकेदुखीने तो सतत हैराण असे. हवापालटासाठी सिंधमधील नातलगांकडे त्याला काही काळ राहावे लागले आणि अभ्यास मागे पडला. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाला. सेंट झेवियर्स कॉलेजातील पहिल्याच वर्षी लॉगॅरिथमसारख्या विषयांना कंटाळून त्याने कॉलेज सोडले आणि कुटुंबाच्या धंद्यात हातभार लावावा म्हणून ब्रह्मदेशातील टव्हॉय येथे गेला. तेथे वुलफ्रॅमच्या खाणी होत्या, लाकडाचा व्यवहार होता आणि भोवती घनदाट अरण्य होते. व्यापारात काय मिळाले असेल ते असो, अरण्यात पुष्कळ मिळाले. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी एकीकडे दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण घेतले आणि दुसरीकडे सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र अभ्यासले. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इंग्लंडात शिकलेली ही सुविद्य मुलगी पुढे तंबूत, बैलगाडीत आणि डाकबंगल्यात संसार करणार होती, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नसेल.

पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, ज्याला आज छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय म्हणतात तेथे, निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून महिना ३५० रुपयांवर ते लागले. दोन वर्षांत त्यांना उमगले की दुसऱ्यांस सांगण्याइतके आपणच शिकलेलो नाही. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तेथील विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात एर्व्हिन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले. पक्षी ओळखून, कातडी जतन करून, नाव देऊन थांबू नये. जिवंत पक्षी कसा वागतो हे पाहावे, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचे तंत्रही त्यांनी पाहिले.

१९३० साली ते मायदेशी परतले, तो म्युझियममधील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली! वय तेहतीस संपत आलेले, पत्नी बरोबर, हाती नोकरी नाही, पदवी नाही आणि जे ज्ञान मिळविले त्याला देशात गिऱ्हाईक नाही. त्याच वर्षी सगळा देश मिठाच्या सत्याग्रहाने ढवळून निघाला होता. गांधीजींना अटक झाल्यावर धरासणाच्या मोर्चाचे नेतृत्व तय्यबजी घराण्यातील वयोवृद्ध अब्बास तय्यबजी यांनी स्वीकारले आणि मे महिन्यात त्यांनाही पकडण्यात आले. धरासणा तेव्हा आपल्या सुरत जिल्ह्यातच मोडत असे. कुटुंबातील वडीलधारा माणूस तुरुंगाची वाट चालत असता तिशीतला पुतण्या-भाचा पाखरे न्याहाळत बसला, असे कोणी म्हणेल. परंतु प्रत्येकाची नेमणूक वेगवेगळी असते, आणि त्या पावसाळ्यात सलीम अलींनी जे केले तेही हलके काम नव्हते.

मुंबईत राहणे परवडेना म्हणून पतिपत्नी अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहावयास गेली. नारळी-पोफळीच्या बागा, भातखाचरे, पाऊस आणि रिकामा वेळ. घराजवळच सुगरण पक्ष्यांची एक वस्ती होती. अशा वस्त्या कोकणात आणि गुजरातेत शेकड्यांनी असतील. येणारे-जाणारे क्षणभर वर पाहत आणि पुढे जात. सलीम अली पुढे गेले नाहीत. आडोशाला बसून, वही-पेन्सिल हाती घेऊन त्यांनी तासन् तास, दिवसामागून दिवस, कोणता नर कोणत्या खोप्यावर आहे, खोपा किती विणून झाला, कोणती मादी केव्हा आली, कोठे शिरली, याची नोंद केली. तोपर्यंत लोक सर्व खोपे एकत्रच मोजत. त्यांनी प्रत्येक खोप्याचा स्वतंत्र जमाखर्च मांडला. हिशेबाचे जे शिक्षण त्यांनी घेतले होते ते असे कामी आले, असे गमतीने म्हणता येईल.

त्या नोंदींतून जी कथा उलगडली ती अशी. पावसाळा लागला की नराचे रूप पालटते. एरवी चिमणीच्या मादीसारखा दिसणारा हा मातकट पक्षी डोक्यावर व छातीवर पिवळा होतो. गवताच्या, भाताच्या, उसाच्या वा शिंदीच्या पात्याला बुडाशी खाच पाडून तो कड चोचीत धरतो आणि उडतो. पाते फाटून एक लांब धांदोटी त्याच्याबरोबर येते. एका फांदीला गाठी मारून तो प्रथम लोंबते कडे तयार करतो आणि त्या कड्याभोवती विणू लागतो. आठ दिवसांच्या सुमारास खोप्याला उलट्या शिरस्त्राणाचा आकार येतो, खाली हनुवटीच्या पट्ट्यासारखी एक आडवी दोरी असते. एवढे झाले की विणकाम थांबते.

हेच ते अर्धवट खोपे. नराने पावसात बसावयास किंवा झोके घेण्यास ते बांधलेले असतात, अशी लोकांची समजूत होती. सलीम अलींनी पाहिले की या टप्प्यावर माद्यांचे आगमन होते. एखादी मादी वस्तीकडे येताना दिसली की सगळे नर आपापल्या खोप्याला लटकून जोरजोराने पंख फडफडवितात आणि एका सुरात गलका करतात. जणू भरल्या बाजारात प्रत्येक दुकानदार आपल्या मालाकडे बोट दाखवीत असतो. मादी घाई करीत नाही. ती एका खोप्यात शिरते, धागे ओढून पाहते, बाहेर येते, दुसऱ्यात जाते. वधूपरीक्षेला सरावलेल्या आपल्या समाजाने हे दृश्य अवश्य पाहावे. येथे परीक्षा वराची असते आणि तीही त्याच्या हातच्या कामाची. घर पसंत पडले तर त्या घराचा धनीही पसंत पडतो. मग नर उरलेला खोपा पुरा करतो: एका बाजूस अंड्यांसाठी फुगीर कोठडी, दुसऱ्या बाजूस खाली उतरणारी नळी. आतील थोडे किरकोळ काम तेवढे मादी करते. संपूर्ण खोप्याला सुमारे अठरा दिवस लागतात आणि त्यासाठी नराच्या पाचशेपर्यंत खेपा होतात.

यानंतर जे घडते ते सलीम अलींचे खरे संशोधन. मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते आणि पंधरवडाभर ती एकटीच उबविते. पिलांना भरविण्याचा भारही मुख्यतः तिच्यावरच पडतो. नर काय करतो? तो शेजारच्या फांदीवर नवा खोपा विणावयास घेतो. तोही अर्धा झाला की पुन्हा पंखांची फडफड, पुन्हा दुसऱ्या मादीची पसंती, पुन्हा उरलेले विणकाम. असे एका हंगामात एकामागून एक दोन-तीन संसार तो मांडतो. ज्याचे काम कोणाच मादीला रुचत नाही त्याचे अर्धे खोपे तसेच वाऱ्यावर झुलत राहतात. झाडावरील अपुऱ्या घरांचे कोडे अशा रीतीने सुटले. एकाच वेळी अनेक माद्या न बाळगता क्रमाक्रमाने संसार मांडण्याची ही पद्धत सलीम अलींनी सविस्तर वर्णन केली आणि १९३१ साली त्यांचा तो निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

बहिणाबाईंची माउली खोटी ठरली काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. घर नराचे असले तरी पिले वाढविते ती मादीच, आणि घरात काय चालावे, काय चालू नये याचा निवाडाही तिचाच. नराच्या इतक्या कसबाचे मूळ तिच्या चोखंदळपणात आहे. चार्ल्स डार्विनने १८७१ साली हा विचार मांडला होता की अनेक पक्ष्यांतील नरांचे रंग, पिसारे व नृत्ये ही माद्यांच्या पसंतीमुळे पिढ्यान् पिढ्या घडत आली असावीत. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी अरण्यांत मॅनाकिन नावाचे चिमणीएवढे पक्षी राहतात. त्यांचे नर जंगलात ठराविक जागी जमून नाचतात. एका जातीत दोन नर जोडीने उड्या मारून नाचतात आणि त्यांपैकी एकालाच मादी लाभते, दुसरा वर्षानुवर्षे उमेदवारी करतो. आणखी एका जातीचा नर पंखांची पिसे एकमेकांवर घासून व्हायोलिनसारखा सूर काढतो. या मॅनाकिनांचे नर घरट्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत; त्यांचे सारे भांडवल नाचात. आपल्या सुगरणीच्या नराने नाच थोडा ठेवला आणि भांडवल विणकामात घातले. मला विचाराल तर मी विणकाम पसंत करीन.

खोप्याच्या भिंतीत नर ओल्या चिखलाचे गोळे लावतो. रात्री उजेड पडावा म्हणून त्यांत तो काजवे चिकटवितो, अशी गोष्ट आजीच्या तोंडून कोणी ऐकली नसेल? चिखलाचे गोळे खरे आहेत. काजव्यांचे दिवे मात्र पाहणाऱ्यांच्या निरीक्षणात टिकले नाहीत.

किहीमच्या निबंधाने नाव झाले, पोट भरले नाही. तेव्हा सलीम अलींनी एक युक्ती काढली. हिंदुस्थानातील संस्थानांत कोणते पक्षी आहेत याची पद्धतशीर पाहणी झालेलीच नव्हती. मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च संस्थानाने सोसावा, आपण पगार घेणार नाही, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकामागून एक पाहणी झाली. तेहमिनाबाई छावणीची सारी व्यवस्था पाहत. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात वारल्या. वीस-एकवीस वर्षांचे सहजीवन असे तुटले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले आणि कामात बुडून गेले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र इंग्रजी पुस्तक निघाले. सामान्य वाचकाच्या हाती देशातील पक्ष्यांची ओळख देणारे ते पुस्तक आजही आवृत्त्यांमागून आवृत्त्या पाहत आहे.

गुजरातची पाहणी १९४० च्या दशकातली. तिचा वृत्तांत १९५४–५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डांगच्या अरण्याचा भाग आमच्या दृष्टीने विशेष मोलाचा, कारण सह्याद्रीतील पक्षी उत्तरेकडे जेथवर पोहोचतात त्यांपैकी कित्येकांची शीव याच रानात आहे. कामरेजच्या उसाच्या मळ्यांपासून ते रान फार दूर नाही.

याच तापीकाठच्या मांडवी गावाशी पक्षिशास्त्रातील एक विलक्षण प्रकरण जोडले गेले आहे. ते सांगण्यासाठी थोडे आडवळण घेतो. १९३७ साली सलीम अली अफगाणिस्तानात पक्ष्यांच्या शोधार्थ गेले तेव्हा रिचर्ड माइनर्ट्‌झहागन हे इंग्रज कर्नल त्यांच्यासोबत होते. कर्नल मोठे पक्षितज्ज्ञ म्हणून गाजलेले. सलीम अलींविषयी त्यांनी आपल्या रोजनिशीत बरेच कुत्सित लिहिले. पुढे सलीम अलींनी तो मजकूर स्वतःच्या आत्मचरित्रात खुशाल छापला, यावरून त्यांच्या विनोदबुद्धीची कल्पना येते. या कर्नलसाहेबांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा, म्हणजे वनातील एका दुर्मिळ लहान घुबडाचा, एक नमुना होता. १९१४ साली तापीवरील मांडवी येथे तो मिळविला, अशी त्यावर चिठ्ठी होती. हे घुबड १८८४ नंतर कोणाला निश्चितपणे आढळले नव्हते. त्यामुळे त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून गुजरातेत त्याचा शोध झाला आणि व्यर्थ गेला. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. तो नमुना एकोणिसाव्या शतकात खानदेशात काम करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने जमविलेला होता. कर्नलसाहेबांनी तो चोरून, पुन्हा शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! मांडवीचे नाव बाजूस सारून जुन्या खऱ्या नोंदींचा माग घेतल्यावर १९९७ च्या नोव्हेंबरात खानदेशातील शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. एकशे तेरा वर्षांनी. सलीम अली तो दिवस पाहावयास राहिले नव्हते. एकाने पावसात बसून खरी नोंद केली. दुसऱ्याने संग्रहाच्या कपाटापाशी बसून खोटी. पहिलीने पक्ष्यांचा संसार उजेडात आणला आणि दुसरीने एक पक्षी इतकी वर्षे दडवून ठेवला.

स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पैशावाचून बंद पडते की काय अशी वेळ आली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंकडे शब्द टाकून सरकारी साहाय्य मिळविले. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिपरिषदेस ते आपली सनबीम मोटारसायकल घेऊन गेले आणि युरोपभर तीवर हिंडले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते! सुगरणीचा नाद मात्र सुटला नव्हता. १९५६–५७ च्या सुमारास त्यांनी व्ही. सी. आंबेडकर या आपल्या विद्यार्थ्यासमवेत सुगरणीवर पुन्हा लेखन केले. आंबेडकरांनी पुढे भारतीय सुगरणींच्या विणीवर मुंबई विद्यापीठाकरिता प्रबंध लिहिला. फिनची सुगरण ही जात तर नाहीशीच झाली असे वाटत होते. १९५९ साली कुमाऊंच्या तराईत सलीम अली आणि जॉन क्रूक यांनी तिची वस्ती पुन्हा शोधून काढली. आज ही जात पुन्हा धोक्यात आलेली पक्षी म्हणून नोंदली गेली आहे. तराईतील गवताळ जमिनी शेतीखाली गेल्या, तिचे घर गेले.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ त्यांनी १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. अखेरचा खंड निघाला तेव्हा ते सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. भरतपूरचे पाणथळ आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य राखण्यासाठी त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, शिवाय पॉल गेटी पारितोषिक, ज्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीस दिली; १९८५ साली राज्यसभेवर नियुक्ती. ज्यांनी कॉलेज अर्धवट सोडले होते त्यांना अलीगढसह अनेक विद्यापीठांनी डॉक्टर ही पदवी सन्मानपूर्वक अर्पण केली. पदवीविषयी एवढे बस्स.

संशोधनासाठी त्यांनी स्वतः असंख्य पक्षी मारले, हेही लपविण्याजोगे नाही. दुर्बिणीने प्रत्येक पक्षी ओळखता यावा यासाठी आधी कोणीतरी तो हातात धरून मोजलेला असावा लागतो, अशी त्यांची भूमिका होती. परंतु केवळ हौसेखातर बंदूक चालविणे त्यांनी कधीच मागे टाकले होते.

२० जून १९८७ रोजी, नव्वद वर्षांचे आयुष्य जगून, त्यांनी मुंबईत देह ठेवला. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस पक्षिदिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्यानंतर सुगरणीचा अभ्यास थांबलेला नाही. मादी खोप्याची वीण पाहते त्याहून जागा अधिक पाहते, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे: उंच झाड, बारीक फांदी, म्हणजे साप वा उंदीर सहज पोहोचणार नाही असे ठिकाण. आपल्या बाजूस महामार्ग रुंदावताना आणि वसाहती वाढताना अशी झाडे कमी होत चालली आहेत. शेताच्या बांधावरची एक जुनी बाभूळ तोडली की एक अख्खे गाव उठते. तरी तापीच्या काठाने, कालव्यांच्या कडेने, विहिरींवर झुकलेल्या फांद्यांवर अजून वस्त्या आहेत. येत्या श्रावणात ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी वही घेऊन जावे, पुरे खोपे आणि अर्धे खोपे निरनिराळे मोजावेत आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा जाऊन त्यांपैकी किती पुरे झाले ते लिहावे. खोप्यास हात लावू नये व आत पिले असताना फार जवळ उभे राहू नये. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाच्या झडीपासून आडोसा मिळावा म्हणून बहुतेक खोपे झाडाच्या पूर्वेकडील अंगास असतात. तेव्हा ती बाजू आधी पाहावी.